‘क्लास’ शब्दात दडलेली जात

गेल्या रविवारी घाटकोपरच्या आमच्या विहारात बुद्धवंदना झाल्यावर मुलांना संविधान समजावून सांगत होतो. दर रविवारी एक अनुच्छेद, असा आमचा नेम आहे. त्या दिवशी अनुच्छेद १५ चा चौथा खंड होता. त्यात ‘मागासलेल्या नागरिकांचा वर्ग’ असे शब्द आले. लगेच नववीतल्या एका मुलीने हात वर केला. “काका, वर्ग म्हणजे शाळेतला क्लास का? मागच्या बाकावरच्या मुलांचा?”

सगळी मुले हसली. मागे बसलेली मोठी माणसेही हसली. मला मात्र हसू आले नाही. कारण त्या मुलीने न कळत फार खोल प्रश्न विचारला होता. मराठीत ‘वर्ग’, इंग्रजीत ‘क्लास’. आपण सकाळपासून रात्रीपर्यंत हा शब्द वापरतो. पण तो कुठे आपल्यासाठी दार उघडतो आणि कुठे आपल्या तोंडावर दार लावून घेतो, हे आपण कधी तपासले आहे काय?

सकाळी मुलुंडहून किंवा बोरिवलीहून लोकल पकडा. फर्स्ट क्लास, सेकंड क्लास. पूर्वी लांब पल्ल्याच्या गाड्यांना थर्ड क्लासही होता. १९७४ मध्ये रेल्वेने त्या नावाला मूठमाती दिली. माणसे तीच राहिली, पाटी बदलली. फर्स्ट क्लासमध्ये पैसे भरले की कोणालाही चढता येते, निदान कागदावर तरी. त्याच गाडीत बायकांचा डबा आहे, अपंगांचा डबा आहे. तोही एक वेगळा वर्गच. पण तो कोणाला कमी लेखण्यासाठी नाही, ज्याला गर्दीत चढता येत नाही त्याला चढता यावे म्हणून आहे.

आम्ही वकील मंडळी अनुच्छेद १४ चा अर्थ सांगताना जे मोठमोठे शब्द वापरतो, ते सगळे या लोकलमध्ये आहे. समता म्हणजे सगळ्यांना एकाच डब्यात कोंबणे नव्हे. वर्गीकरण करता येते. पण ते कशाच्या आधारावर केले हे स्पष्ट असले पाहिजे आणि त्या आधाराचा हेतूशी संबंध असला पाहिजे. १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आले आहे. बायकांचा डबा या कसोटीला उतरतो. ८ जून २०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावते. तिच्यातही बायकांसाठी जागा राखलेली आहे, फर्स्ट क्लास मात्र नाही. साहेब आणि शिपाई एकाच दांडीला लोंबकळतात. कोणाचे काय बिघडले?

गाडीतून उतरून स्टेशनबाहेर या. अंधेरी असो, घाटकोपर असो, मुलुंड असो, वर पाहाल तिकडे ‘क्लासेस’च्या पाट्या. हा क्लास म्हणजे शाळेबाहेरची शाळा. फी भरली तर प्रवेश. पुढे परीक्षेत मार्क मिळाले की त्याला ‘मेरिट’ म्हणायचे. त्या मेरिटमागे बापाने किती लाख ओतले ते कोणी विचारायचे नाही. आणि झोपडपट्टीतले, दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांत अभ्यास करून कॉलेजात गेलेले पोर दिसले की विचारायचे, “तू कोट्यातला का रे?” लॉ कॉलेजात हा प्रश्न मीही ऐकला आहे. विकत घेतलेल्या क्लासची लाज नाही, संविधानाने दिलेल्या वर्गाची मात्र लाज वाटली पाहिजे, असा हा न्याय!

आता ऑफिसात चला. क्लास वन, क्लास टू, क्लास थ्री, क्लास फोर. कागदोपत्री आता गट अ, ब, क, ड म्हणतात, पण लोकांच्या तोंडी क्लास फोरच आहे. माझे वडील क्लास फोर होते. शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना आला की ते सांगायचे, “नुसते सरकारी नोकरी लिही.” त्या दोन शब्दांमागची त्यांची नजर मी अजून विसरलेलो नाही.

पण क्लास फोरमध्येही आणखी एक क्लास आहे. फाइल नेणारा वेगळा, झाडू मारणारा वेगळा. महानगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर पहाटे कोण उभे असते, ते डोळे उघडून पाहा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तो हक्क लढून मिळवलेला आहे. बाप गेला तरी घरातली चूल पेटती राहते, म्हणून त्या हक्काला धक्का लागता कामा नये. पण प्रश्न असा आहे की कलेक्टरची खुर्ची वारसाने मिळत नाही, न्यायाधीशाची खुर्ची वारसाने मिळू नये असे संविधान सांगते, मग झाडूच तेवढा वारसाने का येतो? ज्या नोकरीत वरून खाली कोणी येत नाही आणि खालून वर कोणी जात नाही, ती नोकरी नव्हे. ती जात आहे, फक्त तिच्यावर क्लासचा शिक्का आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ गावी आहे. गावचा सातबारा काढून पाहा. महार वतनाची जमीन असेल तर तिच्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले सापडेल. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतनाचा तुकडा दाखवून अख्ख्या जातीला वेठीला धरतात, हे त्यांनी ओळखले होते. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली आणि जमिनी पुन्हा त्याच घरांना देण्यात आल्या. पण विक्री-हस्तांतरणाच्या अटींसह. वर्ग १ चा मालक मोकळा, वर्ग २ चा अटीने बांधलेला. ही अट काही वेळा आपले रक्षणही करते, हे मान्य. परंतु दलाल मंडळी याच अटीचा बाऊ करतात. “ही जमीन वर्ग दोनची, हिला किंमत नाही,” असे सांगून मुंबईत राहणाऱ्या भावाबहिणींकडून कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतात. माझी हात जोडून विनंती आहे, सातबारा आणि फेरफार वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नका. वर्ग दोन म्हणजे बेवारस नव्हे.

आणि आता घर. उपनगरात भाड्याने जागा शोधा. दलाल सांगतो, “एकदम क्लास सोसायटी आहे, साहेब.” म्हणजे काय? लिफ्ट चांगली आहे, पाणी चोवीस तास आहे? तेही असेल. पण पुढचा प्रश्न येतो, “आडनाव काय?” आडनाव ऐकल्यावर जागा ‘कालच गेलेली’ असते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. महाराष्ट्र खवळला, आणि खवळायलाच हवे होते. पण जात विचारून रोज जे दार बंद होते, त्याचा व्हिडिओ निघत नाही. कारण तिथे कोणी जातीचे नाव घेत नाही. “आमचा क्लास वेगळा आहे,” एवढेच म्हणतात. गणितात वर्गाचे मूळ काढतात; आपल्या समाजात वर्गाचे मूळ काढले की जात निघते.

हे मूळ बाबासाहेबांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी काढून दाखवले होते. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी मांडले की जात म्हणजे कोंडून घेतलेला वर्ग. वर्ग जगात सगळीकडे असतात, त्यांतून माणूस ये-जा करू शकतो. पुरोहित वर्गाने जातीबाहेरच्या लग्नाला बंदी घालून आधी स्वतःला कोंडून घेतले, मग इतरांनी त्याचे अनुकरण केले. म्हणून क्लास आणि जात यांत फरक एकच, दाराचा. दार उघडे असेल तर क्लास, बंद असेल तर जात. बांधवांनो, हा शब्द कानावर आला की हीच एक कसोटी लावा.

इंग्रजांनी आपल्याला ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हटले. हे नाव बाबासाहेबांना पसंत नव्हते. गोलमेज परिषदेच्या वेळी १९३१ मध्ये त्यांनी ते बदलण्याची लेखी मागणी केली. पण नाव काहीही असो, संघर्ष थांबला नाही. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली, ती याच नावाने भरलेल्या परिषदेत.

संविधानात मात्र बाबासाहेबांनी याच शब्दाची किल्ली केली. अनुच्छेद १६(४) मध्ये मागास वर्गासाठी नोकऱ्यांत आरक्षण आले. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासचे शिक्षणातील आरक्षण रद्द झाले, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन १५(४) आला. त्या मुलीने ज्या शब्दावर बोट ठेवले, तो शब्द असा आला आहे, कॉलेजचे बंद झालेले दार पुन्हा उघडण्यासाठी. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की जात हाच सामाजिक वर्ग असू शकतो; आणि केवळ आर्थिक निकषावरचे दहा टक्के आरक्षण रद्द केले.

तेच दहा टक्के २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने परत आले. १५(६) ची भाषा काळजीपूर्वक वाचा. आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी तरतूद, पण १५(४) आणि (५) मधील वर्ग सोडून! म्हणजे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेला सवर्ण गरीब ठरतो, आणि धारावीतला किंवा रमाबाई नगरातला उपाशी माणूस या कलमापुरता गरीबच नाही, कारण तो ‘वर्गातला’ आहे. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ही दुरुस्ती वैध ठरली. सरन्यायाधीश लळित आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी हे वगळणे भेदभाव करणारे आहे, असे अल्पमत नोंदवले. ज्या शब्दाने १९५१ मध्ये दार उघडले, त्याच शब्दाने २०१९ मध्ये दार लावले. गरिबीलाही जात असते, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. क्लास वन झालेले आपले काही साहेब टॉवरमध्ये गेले की दारावरची बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत जाते, ‘जय भीम’चे ‘गुड मॉर्निंग’ होते. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जे दुःख बोलून दाखवले, ते याच लोकांचे होते. तथागतांच्या संघाचा दाखला आठवा. शाक्य राजकुमार आणि त्यांचा न्हावी उपाली एकत्र दीक्षा घ्यायला आले. राजकुमारांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा गर्व गळेल. तथागतांनी तसेच केले. संघात ज्येष्ठता होती, पण ती जन्माने ठरत नव्हती.

त्या मुलीला मी उत्तर दिले, “हो बेटा, मागच्या बाकावरचाच वर्ग. पण तो मागे बसला नव्हता, त्याला मागे बसवले होते. हे कलम त्याला पुढच्या बाकावर आणण्यासाठी आहे.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग पुढच्या बाकावरचे कुठे बसणार?”

मी म्हणालो, “तिथेच. जरा सरकून.”

जय भीम! नमो बुद्धाय!