चांद्याचा वेढा : युद्ध कोणाचे संपले?

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट सांगताना आपली पाठ्यपुस्तके पुण्याभोवतीच घुटमळतात. चांदा त्यांना आठवत नाही. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या आधाराच्या आशेने दुसरा बाजीराव पूर्वेकडे सरकला होता. पण मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबांनाच अटक केली आणि १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ कर्नल अॅडम्सने पेशव्याच्या फौजेची धूळधाण उडवली. पेशवा निसटला. अॅडम्सने चांद्याचा रस्ता धरला.

चांदाच का? इरई आणि झरपट या नद्यांमध्ये वसलेले, दगडी तटाने वेढलेले हे शहर म्हणजे भोसल्यांचा दक्षिणेकडचा भक्कम आधार. पाठीशी दाट जंगल. ते पडले की पळत्या राजाला इकडे थारा उरणार नव्हता. मे महिन्यात वेढा पडला, तोफांनी तटाला खिंडार पाडले, २० मे रोजी फौज आत घुसली. किल्लेदार गंगासिंग कामास आला. दोनच आठवड्यांनी, ३ जूनला, बाजीराव माल्कमला शरण गेला. अशीरगड १८१९ पर्यंत झुंजला खरा. पण पेशवाई संपली होती.

आता प्रश्न विचारायला हवा : पडले ते कोणाचे राज्य? हा तट गोंड राजांनी उभारला. १७५१ मध्ये रघूजी भोसल्याने ते राज्य गिळले. तटाचे दगड ज्यांनी वाहिले त्यांच्या दृष्टीने १८१८ साली केवळ धनी बदलला. याच युद्धातील १ जानेवारीचे कोरेगाव आपण अभिमानाने सांगतो, कारण तिथे महार शिपायांची नावे दगडावर कोरलेली आहेत. त्याच युद्धात, कैदेतून पळालेल्या आप्पासाहेबांना महादेवाच्या डोंगरातील गोंडांनी आसरा दिला. शोषितांच्या इतिहासाला एकच बाजू असते, असे मानणाऱ्यांनी ही दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत.

जंगलातले युद्ध मात्र संपले नव्हते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५८ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला. गोंड तरुण जमवून तो काही महिने रानात लढला. त्याच्याजवळ तट नव्हता, तोफा नव्हत्या. वेढा घालायला काही नव्हतेच. म्हणून इंग्रजांनी फितुरीचा मार्ग धरला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईने, म्हणजे घरच्याच माणसांनी, त्याला पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.