दंतवैद्याचा हात

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशातील दंत महाविद्यालये बंद झाली. व्याख्याने मोबाइलवर सुरू झाली. रुग्णाच्या खुर्चीपाशी उभे राहून शिकण्याचे काम मात्र थांबले. दंतवैद्यक पडद्यावरून किती शिकता येते, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. तो प्राध्यापकांनीच सोडवावा असे कोणी म्हणेल. परंतु ज्याच्या तोंडात सुई जाणार त्यालाही यात मत आहे, आणि आम्ही कामगार चळवळीतली माणसे त्याच्याच बाजूने बोलणार.

पडद्याचे श्रेय पडद्याला दिले पाहिजे. दातांची रचना, औषधांचे गुणधर्म, क्ष-किरण चित्रांचे वाचन हे त्यावरून उत्तम शिकता येते. दाढ कोरतानाचे चित्रण तर खुर्चीभोवती माना उंचावून पाहण्यापेक्षा तेथेच अधिक स्पष्ट दिसते. (घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे तीन, ही अडचण निराळी.)

पण पुढचे काम हाताचे. दंतवैद्य पुष्कळदा दाताकडे सरळ पाहतच नाही. चिमुकल्या आरशात उलटे दिसणारे पाहून हात चालवतो. कीड खरवडताना हत्यार कोठे रुतते आणि कोठे टणक लागते, हे बोटांना कळावे लागते. खालचा जबडा बधिर करताना सुई सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर आत जाऊन हाडाला टेकली पाहिजे. हाड लागले नाही तर जागा चुकली. म्हणून विद्यार्थी आधी पुतळ्याच्या तोंडातील दातांवर हात बसवतो, मग माणसाकडे येतो. बी. डी. एस.च्या शेवटी उमेदवारीचे वर्ष ठेवले आहे ते याचसाठी. हाताला प्रतिकार देणारी संगणकी यंत्रेही निघाली आहेत. सरावाला ती चांगली. पण यंत्र खोकत नाही, आवंढा गिळत नाही, घाबरून डॉक्टरचा हात धरत नाही.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर तंबाखू, मशेरी, सुपारी यांचे व्यसन काही नवे नाही. एखाद्या खलाशाचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते, जिभेच्या कडेचा व्रण भरून येत नाही. फोटो पाठवला तर रंग दिसेल. गालात बोट फिरवल्यावर लागणारे ताठ पट्टे, व्रणाच्या तळाचा कठीणपणा, मानेतली गाठ या गोष्टी चाचपूनच कळतात. तो कठीणपणा कर्करोगाची खूण असू शकतो. ज्याने तो कधी बोटाने अनुभवला नाही, तो डॉक्टर मलम लिहून देईल आणि खलाशी पुन्हा होडीवर जाईल. मग बांबोळीला किंवा मुंबईला पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

कारखान्यातसुद्धा नुसती चित्रे पाहून कोणी फिटर होत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने वर्गातल्या शिक्षणाबरोबर कामावरचे शिक्षण आवश्यक मानले. पडद्यामुळे शिक्षक कमी लागतात, खुर्च्या कमी लागतात, आणि संस्थाचालकाला हा हिशेब चटकन आवडतो. ही बचत निघते कोणाच्या तोंडातून? शिकाऊ हातांखाली बसतो तो बहुधा गरीब रुग्ण, कारण तेथे उपचार स्वस्त असतात.

तेव्हा पडद्यामुळे शिक्षकाचा जो तास वाचतो, तो खुर्चीपाशी खर्च व्हावा. आणि एका शिक्षकाच्या नजरेखाली किती विद्यार्थी रुग्णांवर काम करतात, तो आकडा रुग्णाला वाचता येईल असा केसपेपरच्या खिडकीवर लावावा.