सिमेंटचा पत्रा उतरविताना : कापूस गोदामाच्या छपराची निवड

गोदावरीकाठच्या बासरजवळील मुधोळ हे तेलंगणाच्या सीमेवरील मराठी बोलणारे गाव. (घोरपड्यांचे मुधोळ निराळे, ते कर्नाटकात.) पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव 2016 च्या फेररचनेत निर्मल जिल्ह्यात गेले. मुधोळ आणि शेजारच्या भैंशाचा हा पट्टा कापसाचा. अशा पट्ट्यांतील जुन्या गोदामांवर आणि जिनिंगच्या शेडवर सिमेंटचे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचे, पत्रे सर्रास आढळतात. ते तडकू लागले की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : आता काय घालावे?

बहुतेक जण रंगीत गॅल्व्हल्यूम पत्र्याकडे वळतात. पोलादावर सुमारे 55 टक्के अ‍ॅल्युमिनियम व उरलेले मुख्यतः जस्त असा त्याचा मुलामा असतो. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात गंजाची चिंता अधिक. मुधोळात समुद्र दूर असल्याने तो प्रश्न सौम्य आहे. तेथे खरा शत्रू ऊन आणि वावटळ.

पत्रा निवडण्याआधी वजनाचा हिशेब पाहावा. सिमेंटचा 6 मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला 13 किलोंहून अधिक भरतो. अर्ध्या मिलिमीटरचा पोलादी पत्रा 4 ते 5 किलो. कैच्यांवरचा भार घटला म्हणून मालक सुखावतो, परंतु वाऱ्याला छप्पर उचलणेही तेवढेच सोपे होते. हे उचलणे कडांवर, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी सर्वाधिक असते. तेथे स्क्रू दाट हवेत आणि पर्लिन गंजलेल्या असतील तर आधी त्या बदलाव्यात. दरपत्रकात हा खर्च बहुधा नसतोच.

दुसरी बाब प्रसरणाची. पत्र्याच्या तापमानात 40 अंशांचा चढउतार झाला तर 10 मीटर लांबीचा पत्रा सुमारे 5 मिलिमीटर वाढतो-आकसतो. ही ओढाताण स्क्रूच्या छिद्रावर येते, निकृष्ट रबरी वॉशर फाटतो आणि दोन पावसाळ्यांत गळती सुरू होते.

उष्णतेसाठी फिका, परावर्तक रंग हा सर्वांत स्वस्त उपाय. तेलंगणाच्या 2023 च्या ‘कूल रूफ’ धोरणाने व्यापारी इमारतींना तो सक्तीचाही केला आहे. फोम भरलेले पफ पॅनेल थंडावा देते. मात्र फोम जळतो आणि खाली रुई असते, हे विसरता कामा नये. गोदामाला गारव्याहून हवा खेळती राहणे महत्त्वाचे.

जुना पत्रा उतरविणे हे सर्वांत धोक्याचे काम. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो, आणि तो दशकांनंतर उमटतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये या उद्योगातील कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान 40 वर्षे ठेवण्यास सांगितले. पत्रे ओले करावेत, न फोडता अखंड उतरवावेत, कापू नयेत. तडकलेल्या पत्र्यावर पाय देणारा मजूर थेट फरशीवर कोसळतो. तेव्हा फळ्या व सुरक्षापट्टा हवाच. हे सारे हंगाम आटोपल्यावर, पावसाआधी उरकावे. आणि गोदाम रिकामे करून झाडल्याखेरीज पर्लिनच्या वेल्डिंगला हात लावू देऊ नये. रुईच्या उडत्या तंतूंना एक ठिणगी पुरते.