अनेक टेबलांवर आधारित डेटाबेस फॉर्ममधील बटणांची विश्वासार्हता

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि मुरूड, श्रीवर्धन परिसरातील नारळ-सुपारीच्या बागांची मोठी हानी झाली. अशा हानीची संगणकीय नोंद ठेवताना एका बागायतदाराच्या नावे झाडांच्या अनेक नोंदी येतात. म्हणून दोन स्वतंत्र टेबले आवश्यक ठरतात.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये बागायतदार मुख्य फॉर्मवर, तर झाडे सबफॉर्मवर दर्शविली जातात. सबफॉर्ममधील सुपारीची ओळ निवडून मुख्य फॉर्मवरील 'नोंद वगळा' हे बटण दाबल्यास फोकस मुख्य फॉर्मकडे जातो व चालू नोंद वगळण्याची आज्ञा बागायतदाराच्याच नोंदीस लागू होते. 'कॅस्केड डिलीट' स्वीकारलेले असल्यास त्याची सर्व झाडेही नाहीशी होतात. 'रद्द करा' हे बटणही अपुरे पडते. कारण सबफॉर्ममध्ये प्रवेश करताच मुख्य नोंद जतन झालेली असते.

म्हणून झाडांसंबंधीचे बटण सबफॉर्मवरच ठेवावे, वगळण्याची आज्ञा प्रायमरी कीच्या आधारे द्यावी आणि कॅस्केड डिलीट टाळावे. रद्द करण्याची सोय हवी असल्यास माहिती प्रथम तात्पुरत्या टेबलांत घेऊन एकाच ट्रान्झॅक्शनद्वारे मूळ टेबलांत न्यावी. सारांश, बटणाची कृती फोकसवर नव्हे, तर निश्चित नोंदीवर आधारलेली असावी.