नक्षीमागचे गणित

गणित म्हटले की आपल्या वस्तीतील बऱ्याच मुलामुलींच्या कपाळावर आठ्या पडतात. दहावीची परीक्षा जवळ आली की "गणित आपल्याला जमणारच नाही" हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि पालकही नकळत त्याला दुजोरा देतात. हे वाक्य खरे नाही, असे आम्हास ठामपणे वाटते. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. त्यासाठी फार लांब जायला नको. बोरिवलीचा डोंगर, बाजारातील अननस आणि घरातील गोधडी एवढी सामग्री पुरेशी आहे.

प्रथम नक्षी म्हणजे काय ते पाहू. एखादा साधा नियम घ्यायचा आणि तो न चुकता पुन्हा पुन्हा पाळायचा, की नक्षी तयार होते. गणित म्हणजे तरी दुसरे काय? नियम शोधणे आणि तो कुठवर चालतो हे तपासणे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. तेथील शंभराहून अधिक लेण्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास ते कोरले गेले. सुमारे ८६ फूट लांब आणि ४० फूट रुंद अशा या दालनात ३४ खांब आहेत. त्यांतील काही खांबांवर कोरीव काम पूर्ण झाले आहे, तर उरलेले साधे अष्टकोनी आहेत. बांधकामात एखादी वीट चुकली तर काढून दुसरी बसवता येते. लेण्यात तशी सोय नाही. एकदा उडवलेला दगड परत चिकटवता येत नाही. म्हणून छिन्नी लावण्यापूर्वी सारे माप ठरलेले असावे लागते.

चौकोनाचा बिनचूक अष्टकोन करायचा कसा? नुसत्या दोरीने तो करता येतो. चौरसाचे दोन कर्ण काढा. कोपऱ्यापासून मध्यापर्यंतचे अंतर दोरीने घ्या. तेवढेच अंतर प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर मोजून खुणा करा. अशा आठ खुणा मिळतील. त्या जोडून चारही कोपरे छाटले की आठही बाजू सारख्या होतात. विद्यार्थ्यांनी हे वहीत करून पाहावे. कान्हेरीच्या कारागिरांनी नेमकी कोणती रीत वापरली याची नोंद त्यांनी ठेवली नाही. मात्र त्यांच्या हाताला भूमिती ठाऊक होती, याची साक्ष ते खांब देतात. अंधेरीच्या महाकाली लेण्यांतही स्तूपासाठी कातळातच गोल दालन कोरले आहे. आपल्या काळात, २००९ साली, गोराई येथे विपश्यना पॅगोडा खुला झाला. त्याचा सुमारे २८० फूट व्यासाचा दगडी घुमट मध्ये एकही खांब न घेता उभा आहे. एकमेकांत अडकवलेले दगड गोलाकार रचले की प्रत्येक दगड शेजारच्याला धरून ठेवतो. हा गोलाच्या आकाराचाच गुण आहे.

आता आपल्या परिचयाचे चक्र घेऊ. सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्र २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजावर आले. ध्वजासाठी नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे एक सदस्य होते. चक्राचे आरे २४, म्हणजे दोन आऱ्यांमधील कोन १५ अंशांचा. कोनमापक नसला तरी हे चक्र काढता येते. कंपासने वर्तुळ काढा आणि कंपास तसाच ठेवून परिघावर एकापुढे एक खुणा करा. बरोबर सहा खुणांत आपण सुरुवातीच्या जागी परत येतो. प्रत्येक भाग दुभागला की १२ आणि पुन्हा दुभागला की २४. जयंतीच्या फलकावर चक्र रंगवणारे आपले तरुण कार्यकर्ते हे गणित हातानेच करीत आले आहेत.

निसर्गातही असेच नियम दिसतात. उपनगरांतील उंच इमारतींच्या सज्जाखाली मधमाश्यांचे पोळे लटकलेले आपण पाहतो. त्यातील प्रत्येक घर षटकोनी का? मध्ये फट न ठेवता जमीन भरून काढणारे समभुज, समकोन आकार तीनच आहेत : त्रिकोण, चौरस आणि षटकोन. १०० चौरस सेंटिमीटर जागा घेरायला त्रिकोणाला सुमारे ४५.६ सेंटिमीटर कुंपण लागते, चौरसाला ४० आणि षटकोनाला केवळ ३७.२. म्हणजे थोड्या मेणात जास्त मध मावतो. सारख्या क्षेत्रफळाचे भाग पाडण्याची याहून काटकसरीची रीतच नाही, याची सिद्धता मात्र थॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९९ साली दिली.

अननस घ्या आणि त्याच्या सालीवरील डोळ्यांच्या तिरप्या रांगा मोजा. एका दिशेने बहुधा ८ भरतील, दुसऱ्या दिशेने १३. सूर्यफुलाच्या बियांत ३४ आणि ५५ अशा रांगा आढळतात. हे सारे आकडे एकाच मालिकेतील आहेत : १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५. मागील दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. जगभर ही मालिका इटलीच्या फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. पण त्याआधी सुमारे १५० साली नव्हे, ११५० च्या सुमारास, हेमचंद्राने आणि त्याच्याही कित्येक शतके आधी विरहांकाने हीच मालिका छंदशास्त्रात मांडली होती. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, हे मराठीच्या तासाला आपण शिकतोच. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? चार लघू; दोन लघू व एक गुरू हे तीन प्रकारे; आणि दोन गुरू. एकूण ५. पाच मात्रांचे ८ प्रकार, सहांचे १३. कवितेची मात्रा आणि अननसाची साल एकाच हिशोबाला येऊन मिळतात!

वनस्पतीला ही बेरीज कोणी शिकवली? कोणीही नाही. वाढत्या टोकावर प्रत्येक नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जिथे जास्तीत जास्त मोकळी जागा असेल तिथे फुटतो. तो दर वेळी ९० अंशांवर फुटला असता तर चारच रांगा होऊन मधली जागा वाया गेली असती. सुमारे १३७.५ अंशांच्या वळणाने एकही जागा रिकामी राहत नाही. डुआडी आणि कुडेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९९२ साली चुंबकीय द्रवाचे थेंब एकामागून एक सोडून अशाच वळणदार रांगा प्रयोगशाळेत घडवून दाखवल्या. तेथे ना बी होते ना रोप. कारण समजले की चमत्कार उरत नाही; सौंदर्य मात्र कमी होत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक फुलात, प्रत्येक मूर्तीत हीच मालिका शोधण्याचा मोह होतो. मोहरीच्या फुलाला पाकळ्या चारच असतात, आणि चार ही संख्या या मालिकेत नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः मोजून पाहावे.

आता माणसांच्या हातांकडे वळू. बोरिवलीच्या उद्यानातील आणि आरेतील पाड्यांवर वारली समाज राहतो. वारली चित्रांत वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकारांतून सारे जग उभे राहते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस झाला. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची वळणावळणाची रांग पाहावी. लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिण्याचे काम परंपरेने बायकांचे. ही कला कागदावर आणून जगभर पोहोचवणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आपल्या चाळीतील आयाबायाही जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवताना कोपऱ्याला कोपरा जुळवतात आणि टाक्यांच्या समांतर ओळी घालतात. ठिपक्यांची रांगोळी काढणारी मुलगी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस सारखेच वळण घेते. शाळेच्या पुस्तकात याला सममिती म्हणतात.

कातळ फोडणाऱ्या कारागिराला, भिंत लिहिणाऱ्या वारली बाईला, गोधडी शिवणाऱ्या आजीला गणिती कोणी म्हटले नाही. त्यांना पाटी मिळाली नाही, पण त्यांच्या बोटांत भूमिती होती. ज्यांच्या घरात हा वारसा आहे, त्या मुलांनी गणित आपले नाही असे का म्हणावे? अडचण डोक्याची नसते. बहुतेक वेळा कोणी शांतपणे शेजारी बसून समजावून सांगत नाही, एवढीच असते. ते काम आपण सभासदांनी करायचे आहे.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुट्टीत कान्हेरीला जाल तेव्हा सोबत एक दोरी, एक वही आणि एक कंपास घ्या. खांब मोजा, अष्टकोनाच्या बाजू मापा. घरी येऊन चोवीस आऱ्यांचे चक्र काढा. शेवटचा आरा पहिल्या आऱ्यापासून बरोबर १५ अंशांवर आला, की गणित आपल्याला जमते याचा पुरावा तुमच्याच वहीत असेल.