वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आणि मूत्रपिंडांचे आरोग्य

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचे, म्हणजेच बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेचे, मूत्रपिंडांवर होणारे परिणाम दुहेरी असतात. तीव्र लठ्ठपणामुळे मूत्रपिंडांवर पडलेला भार तिने हलका होतो. मात्र तिच्या काही प्रकारांनंतर मूतखडे व क्वचित मूत्रपिंडांची गंभीर हानी संभवते.

लठ्ठपणा आणि मूत्रपिंडे

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना केशिकागुच्छ म्हणतात. शरीराचा आकार वाढला तरी त्यांची संख्या वाढत नाही. त्यामुळे प्रत्येक गाळणीला अधिक रक्त गाळावे लागते, तिच्यातील दाब वाढतो आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. मधुमेह व उच्च रक्तदाब यांची जोड मिळाल्यास ही झीज वेगाने होते. या काळात रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही.

लाभ

१९८७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मूत्रपिंडांचे कार्य गंभीररीत्या घटण्याचा किंवा ती पूर्ण निकामी होण्याचा एकत्रित धोका इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश आढळला. ब्राझीलमधील साओ पावलो येथे मधुमेह, लठ्ठपणा व प्रारंभिक मूत्रपिंडविकार असलेल्या १०० रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर बायपास झालेल्यांपैकी ८२ टक्के, तर केवळ औषधोपचार घेतलेल्यांपैकी ५५ टक्के रुग्णांच्या लघवीतील अल्ब्युमिनची गळती थांबली होती.

मूत्रपिंडे आधीच दुबळी असल्यास मात्र वजन घटले म्हणून धोका टळला असे होत नाही. सुमारे ५०० किलो वजनाच्या इजिप्तमधील इमान अहमद यांच्यावर मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला अबू धाबी येथे त्यांचे निधन झाले. तेथील रुग्णालयाने हृदयविकार व मूत्रपिंडांचे बिघडलेले कार्य ही कारणे दिली. त्यांच्या व्याधी अनेक व जुन्या होत्या; त्यामुळे या घटनेचा दोष शस्त्रक्रियेला देणे योग्य ठरणार नाही.

क्रिएटिनीनचा फसवा आकडा

क्रिएटिनीन स्नायूंपासून तयार होते. शस्त्रक्रियेनंतर चरबीबरोबर स्नायूही घटतात आणि रक्तातील क्रिएटिनीन आपोआप उतरते. त्यावरून मूत्रपिंडे सुधारली असा समज होतो, प्रत्यक्षात ती होती तशीच असू शकतात. स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेल्या सिस्टॅटिन सी या चाचणीने व लघवीतील अल्ब्युमिन मोजून अधिक खरे चित्र मिळते.

मूतखडे

एरवी अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते व दोन्ही शौचावाटे बाहेर पडतात. बायपासनंतर न पचलेली चरबी कॅल्शियमला अडकवते. मग मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन लघवीत उतरते. लहान झालेल्या जठरामुळे पाणीही कमी प्यायले जाते, लघवी दाट होते आणि खडे धरतात. १९६० ते १९८० च्या दरम्यान प्रचलित असलेली, लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळणारी शस्त्रक्रिया मागे पडण्यामागे यकृताच्या हानीबरोबर हेही कारण होते. केवळ जठर निमुळते करणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत आतड्याला हात लागत नाही, म्हणून हा धोका बराच कमी असतो.

खडा म्हटला की दूध-दही बंद करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. येथे ती अपायकारक ठरते, कारण जेवणासोबतचे कॅल्शियमच ऑक्झलेटला रोखते. पथ्य करायचे ते पालक, बीट, काजू आणि पुणेरी पंगतीत मान असलेल्या अळूच्या भाजीचे. डॉक्टर बहुधा कॅल्शियम सायट्रेटच्या गोळ्या देतात. त्यातील सायट्रेटही खडे बनण्यास अटकाव करते.

पहिले काही आठवडे

उलट्या व अपुरे पाणी यांमुळे शरीर कोरडे पडून मूत्रपिंडांना अचानक इजा होऊ शकते. रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्यास धोका वाढतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडांना बाधतात, शिवाय बायपासनंतर जठराच्या जोडाजवळ व्रणही करतात.

प्रत्यारोपण

अतिवजनामुळे मूत्रपिंड प्रत्यारोपण नाकारले गेलेल्या काही रुग्णांवर आधी स्लीव्ह शस्त्रक्रिया केली जाते. बायपासऐवजी स्लीव्ह निवडण्याचे एक कारण असे, की प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर घ्यावी लागणारी टॅक्रोलिमससारखी औषधे आतड्यातूनच शोषली जातात आणि त्यांच्या रक्तातील पातळीत झालेला थोडा बदलही नव्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो.