राखीव साठा

मुकुंदवाडीला आणि छत्रपती संभाजीनगरच्या बहुतेक भागाला पैठणच्या नाथसागरातून पाणी मिळते. या जलाशयात मावणाऱ्या सुमारे 2909 दशलक्ष घनमीटर पाण्यापैकी 738 दशलक्ष घनमीटर तळाशी राहते. त्यास मृतसाठा म्हणतात. एरवी त्यास कोणी हात लावीत नाही. परंतु 2019 च्या उन्हाळ्यात वरचे पाणी संपले, तेव्हा याच साठ्याने शहराची तहान भागविली.

संगणकातही अशी तजवीज असते. अनेकांची माहिती साठविणाऱ्या मोठ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. लिनक्स प्रणालीच्या ‘एक्स्ट-फोर’ या मांडणीत डिस्कची शेकडा 5 जागा मुळातच व्यवस्थापकासाठी राखलेली असते. इतरांनी डिस्क भरून टाकली, तरी त्या जागेच्या आधारे त्याला काम करता येते व अडथळा दूर करता येतो. शिवाय मोकळ्या जागेमुळे फाइलींचे फार तुकडे होत नाहीत.

मात्र येथे तारतम्य हवे. 100 गिगाबाइटच्या डिस्कवर शेकडा 5 म्हणजे 5 गिगाबाइट. 10,000 गिगाबाइटच्या डिस्कवर तेच 500 होतात! तेथे शेकडा 1, म्हणजे 100 गिगाबाइटही बहुधा पुरतात. साठा किती राखावा, हे नुसत्या टक्केवारीवरून ठरवू नये; अडचणीच्या वेळी किती लागेल, ते पाहून ठरवावे.